कॅरॅव्हॅन हिवाळ्यात बंद ठेवताना पाणी नेमकं कसं काढायचं?

फिरस्ती

नमस्कार मंडळी,

आमची सुट्टीची कॅरॅव्हॅन एकाच जागी उभी असते, चाकं नावापुरती. थंडीचे महिने ती बंदच राहणार आहे आणि रात्री पारा शून्याखाली जातो. आतलं पाणी काढून ठेवा, नाहीतर पाइप फुटतील, एवढं सगळेच सांगतात. पण काढायचं कसं, हे विचारलं की प्रत्येकाचं वेगळंच. एक म्हणतो मेन कॉक बंद करून नळ उघडे टाकले की झालं. दुसरा म्हणतो कॉम्प्रेसर नसेल तर हातच लावू नका. तिसऱ्याने मोरीत मीठ टाकायला सांगितलं.

आमच्याकडे गॅसवरचा कॉम्बी बॉयलर (नळाचं पाणीही तापवतो आणि घरही), त्यावर चालणारे खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर, दोन न्हाणीघरं, स्वयंपाकाचं सिंक आणि भांडी घासायचं मशीन आहे. रेडिएटरमधलं पाणीही काढायचं का? गेल्या हिवाळ्याआधी हे काम बाहेरून करून घेतलं होतं. तो माणूस गाडीखाली वाकला, काहीतरी फिरवलं आणि 'झालं' म्हणून निघून गेला. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी सोडलं तर शॉवरचा नळ तडकलेला. म्हणून यंदा स्वतःच करायचं ठरवलंय.

पाना_पक्कड

चांगला विषय काढलात. तो माणूस काय करून गेला असेल ते साधारण कळतंय. खालचे ड्रेन कॉक उघडले, भसाभसा पाणी आलं, धार थांबली, काम संपलं. वरचे नळ मात्र बंदच राहिले असणार. वरून हवा आत शिरल्याशिवाय पाइपातलं पाणी खाली उतरत नाही. स्ट्रॉचं वरचं टोक बोटाने दाबून धरलं की आतलं सरबत लटकून राहतं ना, अगदी तसंच. धार थांबली म्हणजे पाइप रिकामा झाला, असं धरून चालू नका.

तुमच्या गाडीसाठी मी असं करेन. आधी बॉयलर बंद, गॅस बंद. विजेवर पाणी तापवणारं काही असेल तर त्याचा स्विच बंद आणि वर चिकटपट्टी, कारण टाकी रिकामी असताना कॉइल चालू झाली तर ती जळते. गरम पाणी निवू द्या. मग बाहेरचा मेन कॉक बंद करून आतला एखादा नळ उघडा. धार बारीक होत थांबली पाहिजे. थांबत नसेल तर कॉक पूर्ण बसत नाहीये, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. रात्रंदिवस थेंब थेंब आत येत राहिला तर सगळी मेहनत वाया.

त्यानंतर सगळे नळ उघडायचे, गरम आणि थंड दोन्ही. एका दांडीचा मिक्सर असेल तर दांडी वर उचलून मधोमध ठेवा. एका बाजूला वळवली तर दुसरी बाजू बंद राहते, आणि हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. मग गाडीखाली जाऊन ड्रेन कॉक उघडा. बहुतेक गाड्यांत निदान दोन असतात, एक थंड लाइनचा आणि एक गरम. दुसऱ्या न्हाणीघरासाठी वेगळा असू शकतो. फरशीखालच्या इन्सुलेशनमध्ये तो दडलेला असतो, टॉर्च घेऊन झोपूनच शोधावा लागतो. सापडला की फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी शिव्या कमी पडतील.

कमोडची फ्लशची टाकी रिकामी करा, तळाला उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. शॉवरची नळी डोक्यासकट काढून जमिनीवर आडवी ठेवा, ती लोंबती राहिली तर पोटात पाणी धरून बसते. सिंकखाली पाण्याचा फिल्टर असेल तर त्याची वाटी उघडून काडतूस बाहेर काढा. गोठल्यावर पहिली जाते ती ही वाटी.

रेडिएटरचं पाणी काढू नका. तो वेगळा, बंद फेरा आहे. त्यात अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, घातलेलं असतं, किंवा असायला हवं. ते कितपत उरलंय हे तपासणं हे वेगळं काम.

माळरान

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली.

चाकावरचं_घर

ओढून नेण्याच्या गाड्यांसाठी पुरवणी जोडतो, कारण इथे बऱ्याच जणांकडे त्याच असतील. आपल्याकडे मेन लाइन नसून १२ व्होल्टचा पंप असतो, म्हणून सगळ्यात आधी पंपाचा स्विच बंद. अनेक गाड्यांत नळाच्या आत मायक्रोस्विच असतो, नळ उघडला की पंप चालू होतो. तो चालू ठेवून नळ उघडे टाकले तर पंप कोरडाच फिरत राहतो. पाण्यात बुडवायचा पंप असेल तर तो काढून, हलवून, घरात आणून ठेवा. गाडीत बसवलेली टाकी असेल तर तिचं बूच उघडून पूर्ण रिकामी करा.

हीटरचा ड्रेन विसरू नका. ट्रुमा (कॅरॅव्हॅनचे हीटर बनवणारी कंपनी) च्या नेहमीच्या टाकीत १० लिटर पाणी मावतं आणि ते आपोआप निघत नाही. त्यांच्या कॉम्बी हीटरला (हवा आणि पाणी दोन्ही तापवणारा) मात्र फ्रॉस्टकंट्रोल नावाचा झडपवजा कॉक असतो. आजूबाजूचं तापमान साधारण ३ अंशांवर आलं की तो स्वतःच उघडतो आणि टाकी गाडीखाली ओतून टाकतो. थंडीत सकाळी गाडीखाली डबकं बघून लोक गळती शोधत बसतात, ती हीच. गंमत अशी की तो पुन्हा बंद व्हायला तापमान ७ अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे वसंतात पाणी भरण्याआधी आतून गाडी उबदार करून घ्या, नाहीतर बटण कितीही दाबा, ते बसणार नाही. आणि त्या कॉकच्या भरवशावर हिवाळा काढू नका. तो हीटर वाचवतो, पाइप आणि नळ नव्हे.

शेवटी पुढच्या जॉकी चाकाने (दांड्यावरचं वर-खाली होणारं छोटं चाक) गाडीचं नाक खाली करा, थोडा वेळ ठेवा, मग नाक वर. लोंबलेल्या पाइपातलं पाणी त्याने एका बाजूला येतं. ड्रेन उघडे ठेवून थोडं अंतर गाडी ओढून नेली तर उरलेलंही सांडतं. फिरस्ती ताईंना हा उपाय नाही, त्यांची गाडी हलायची नाही.

फिरस्ती

धन्यवाद. खाली वाकून पाहिलं. दोन कॉक सापडले, तिसरा दिसत नाही. पण माझा प्रश्न शॉवरचा आहे. गेल्या वेळी पाइप एकही फुटला नाही आणि एवढा जाडजूड पितळी नळ तडकला, हे कसं?

चिकित्सक

पाइप प्लास्टिकचा असतो, थोडा ताणला जातो. पितळ ताणलं जात नाही. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, पण खरं नुकसान बर्फ पाइपाच्या भिंतीवर रेटल्याने होतं असं समजू नका. बर्फ आधी कुठेतरी उघड्या, थंड जागी धरतो आणि पाइपात लांबीच्या दिशेने वाढत जातो. तो पुढचं पाणी ढकलतो. पुढे नळ उघडा असेल तर पाणी निघून जातं. नळ बंद असेल तर बर्फाचा बुडखा आणि बंद नळ यांच्यामध्ये ते अडकतं, आणि पाणी दाबलं जात नसल्याने दाब बेसुमार चढतो. म्हणून फुटतं ते पुष्कळदा बर्फ नसलेल्या जागी, सांध्यात, नळाच्या अंगात, फिल्टरच्या वाटीत.

इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने १९९०च्या दशकात घरांच्या पाइपांवर याचाच अभ्यास केला होता. त्यातून बाहेरचं तापमान उणे ७ अंशांच्या आसपास आलं की सावध व्हा, असा इशारा निघाला. तो पोटमाळ्यातल्या, इन्सुलेशन नसलेल्या पाइपांसाठी. कॅरॅव्हॅनच्या खालून तर वारा सुसाट वाहतो. वाऱ्याने पाइप हवेपेक्षा थंड होत नाही, पण तिथपर्यंत पोहोचतो फार लवकर.

थोडक्यात, नळ बंद ठेवून थोडंसं पाणी आत राहण्यापेक्षा नळ उघडे ठेवून थोडंसं राहिलेलं परवडतं.

पाना_पक्कड

चिकित्सक, प्रचंड अनुमोदन. म्हणूनच हिवाळाभर नळ उघडेच ठेवायचे, काम झालं म्हणून बंद करून यायचं नाही.

फिरस्ती ताई, तुमचा शॉवर थर्मोस्टॅटिक आहे का? म्हणजे भिंतीवर आडवी दांडी, एका टोकाला तापमानाची गोल चावी, दुसऱ्या टोकाला पाण्याची? असेल तर उत्तर तिथेच आहे. त्या दांडीच्या पोटात काडतूस असतं, आणि गरम-थंड दोन्ही वाटांवर उलट पाणी जाऊ नये म्हणून चिमुकल्या झडपा. खालून ड्रेन उघडला तरी या झडपा पाणी मागे जाऊ देत नाहीत. म्हणून पाण्याची चावी पूर्ण उघडायची आणि तापमानाची चावी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायची, चार-पाच वेळा. कान लावून ऐका, आत गुळगुळ आवाज येतो आणि खालच्या तोंडातून चमचाभर पाणी टपकतं. तेच ते चमचाभर पाणी पितळ फोडतं. तरीही खात्री नसेल तर दांडी भिंतीपासून सोडवून घरी न्या. दोन चकत्यांचे नट असतात, वायसर सांभाळा.

सावली

आमच्याकडेही शॉवरच गेला होता. +१.

मीठ टाकण्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

चिकित्सक

बोलतो. सिंक, बेसिन, शॉवरची मोरी, सगळ्यांच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या वाकड्या नळीत, पाणी थांबलेलं असतं. ते ड्रेन कॉकने निघत नाही. मिठाने पाण्याचा गोठणांक खाली येतो हे खरं. पूर्ण विरघळलेलं दाट मिठाचं पाणी उणे २० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. पण मूठभर मीठ वरून टाकलं तर ते तळाला बसतं, वरचं पाणी तसंच राहतं. त्यात धातूचा भाग असेल तर तो गंजतो. प्लास्टिकच्या ट्रॅपला, आधी पाण्यात विरघळवून ओतलं तर चालेल.

मी प्रोपिलीन ग्लायकॉलवालं, विषारी नसलेलं अँटीफ्रीझ वापरतो. एकेका ट्रॅपमध्ये कपभर, कमोडच्या भांड्यात थोडं जास्त. मोटारीच्या रेडिएटरचं अँटीफ्रीझ कृपया इथे ओतू नका. त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, आणि कुत्र्या-मांजरांना थोडंही प्राणघातक. काच पुसायचं द्रवही नको, त्यात मिथेनॉल असू शकतं.

जुनाट_इंजिन

एवढा सगळा खटाटोप कशाला? मी आत छोटा हीटर थर्मोस्टॅटवर लावून ठेवतो, ५ अंशांवर. काहीही काढत नाही.

पाना_पक्कड

काका, ज्या रात्री वीज जाते, नेमकी तीच रात्र सर्वांत थंड असते. शिवाय हीटर आतली हवा तापवतो, पाइप फरशीखालून जातात. बॉयलरमध्ये गोठण्यापासून बचाव करणारी सोय असते, पण तिला वीज आणि गॅस दोन्ही लागतात, आणि ती वाचवते बॉयलर, न्हाणीघराचा नळ नाही. अधूनमधून राहायला जात असाल तर वेगळी गोष्ट. महिनोन्महिने बंद गाडीला हे नको.

जुनाट_इंजिन

आजवर काही झालेलं नाही हो. पण विजेचा मुद्दा मान्य.

सावली

विम्याचे कागदही बघा. हिवाळ्यात पाणी काढून ठेवलेलं असावं किंवा ठरावीक तापमान राखलेलं असावं, अशी अट पुष्कळ पॉलिसींत तारखांसकट असते. काम झाल्यावर उघड्या ड्रेनचे, बंद मेन कॉकचे फोटो काढून ठेवा, तारखेसह.

फिरस्ती

आता कॉम्प्रेसर. घ्यावा का? आणि बॉयलरच्या आतलं पाणी? त्याला हात लावायची भीती वाटते.

चाकावरचं_घर

कॉम्प्रेसर चांगलाच, पण दाब १ बारच्या आसपासच ठेवा. गॅरेजमधला कॉम्प्रेसर ६-८ बार सहज देतो, तेवढा दिलात तर थंडीने जे केलं नसतं ते तुम्हीच कराल. कॅरॅव्हॅनचे सांधे नुसते दाबून बसवलेले असतात. पायाने मारायचा पंपही चालतो. महत्त्व जोराला नाही, क्रमाला आहे. सगळे नळ आणि ड्रेन बंद करून, फक्त सगळ्यात लांबचा एक नळ उघडा. फुर्र फुर्र करत तुषार येतात ते संपेपर्यंत हवा द्या, मग तो बंद करून पुढचा. सगळे एकदम उघडे ठेवले तर हवा जवळच्या नळातून पळते आणि लांबच्या पाइपातलं पाणी जागेवर बसतं. हे झालं की शेवटी सगळं पुन्हा उघडं. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम असेल तर तो ड्रेनच्या तोंडाला लावून ओढला तरी मस्त काम होतं.

पाना_पक्कड

बॉयलरबद्दल. कॉम्बी बॉयलरमध्ये नळाचं पाणी एका चपट्या हीट एक्स्चेंजरमधून जातं. अरुंद पन्हाळी असतात, त्यात पाणी चिकटून राहतं. बॉयलरच्या खालून गरम पाण्याच्या लाइनला ड्रेनचा स्क्रू असतो, पुस्तिकेत चित्र मिळेल. तो उघडायचा. बॉयलरचं झाकण मात्र काढायचं नाही, ते परवानाधारक गॅसवाल्याचं काम. तो सर्व्हिसिंगला येईल तेव्हा त्याच्याकडून कंडेन्सेटचा (जळलेल्या वायूतून थंड होऊन साचणाऱ्या पाण्याचा) ट्रॅपही रिकामा करून घ्या. एक धोका लक्षात ठेवा: हा ट्रॅप रिकामा असताना बॉयलर चालू केला तर जळलेला वायू त्या वाटेने बाहेर येऊ शकतो. वसंतात चालू करण्याआधी तो पाण्याने भरलेला हवा. बॉयलरवर कागद चिकटवा: 'पाणी नाही, ट्रॅप रिकामा, चालू करू नये.'

रेडिएटरच्या फेऱ्यातलं अँटीफ्रीझ रिफ्रॅक्टोमीटरने तपासा. काचेवर थेंब टाकून उजेडाकडे बघायचं. प्रोपिलीन ग्लायकॉल साधारण ३० टक्के असेल तर उणे १३-१४ अंशांपर्यंत, ४० टक्के असेल तर उणे २०-२१ पर्यंत भागतं. मोटारीच्या दुकानातलं तरंगत्या गोळ्यांचं मीटर इथे वापरू नका, ते इथिलीनसाठी असतं आणि प्रोपिलीनला भलतंच दाखवतं. दर वेळी दाब कमी झाला म्हणून कुणी साधं पाणी भरत गेलं असेल तर मिश्रण पातळ झालेलं असणार, हे फार घडतं.

भांडी घासायच्या मशीनची पाणी घेणारी नळी मागून सोडवा. तिथल्या विजेच्या झडपेत पाणी राहतं. मशीनच्या तळालाही राहतं, त्यात ते विषारी नसलेलं अँटीफ्रीझ ओतून पाणी फेकायचा टप्पा क्षणभर चालवा.

माळरान

मी ऐकलंय की काही लोक पाणी काढण्याऐवजी सगळ्या पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझच भरतात. त्याच्या डब्यावर उणे ४६ अंश लिहिलेलं असतं. ते सोपं नाही का?

चिकित्सक

अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांत ती सर्रास पद्धत आहे, आणि बरोबर केली तर चांगली आहे. हीटर मात्र बायपास करावा लागतो, नाहीतर डबेच्या डबे नुसत्या टाकीत जातात. डब्यावरचा आकडा नीट वाचा. उणे ४६ अंशांपर्यंत तांब्याचा पाइप फुटणार नाही, असा त्याचा अर्थ. द्रव तोवर द्रवच राहील असा नाही. उणे १०-१२ च्या आसपासच त्याचा लगदा व्हायला लागतो, तो फक्त फोडण्याइतका कडक होत नाही. पाइपात आधीचं पाणी उरलं असेल तर अँटीफ्रीझ पातळ होऊन हा आकडाही घसरतो. म्हणजे आधी पाणी काढावं लागतंच. फिरस्ती ताईंच्या कॉम्बी बॉयलरला मी ते सुचवणार नाही.

फिरस्ती

काम केलं! तिसरा ड्रेन होता. दुसऱ्या न्हाणीघराखाली, इन्सुलेशनच्या मागे, पूर्ण झाकलेला. दोन्ही ड्रेन कोरडे पडल्यावर तो उघडला तर चांगलीच बादली भरली. शॉवरची चावी फिरवल्यावर ते गुळगुळ ऐकू आलं, हसूच आलं. मग पायपंपाने एकेक नळ फुंकला, स्वयंपाकघरातल्या नळातून शेवटपर्यंत तुषार येत राहिले.

एक शंका. सिंक-बेसिनला बूच लावून ठेवलंय, वास आणि किडे येऊ नयेत म्हणून. पण नळ सगळे उघडे आहेत. कुणी चुकून मेन कॉक उघडला तर?

सावली

बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

पाना_पक्कड

बरोबर शंका आहे. बूच काढलं तर वास, लावलं तर पुराची भीती. मी बूच लावतो, पण मेन लाइनपासून गाडीकडे येणारी जोडनळीच सोडवून आत ठेवतो. मग कुणी कॉक उघडला तरी पाणी बाहेर जमिनीवर. उघड्या तोंडाला टोपी लावा, नाहीतर कोळी घर करतो. ते जमणार नसेल तर कॉकला चिठ्ठी बांधा आणि बूच काढून ठेवा. ट्रॅपमध्ये अँटीफ्रीझ असल्यामुळे वास तसाही फारसा येत नाही.

चाकावरचं_घर

कॅसेट टॉयलेटवाल्यांसाठी (ज्यांची मैल्याची टाकी बाहेर काढता येते): फ्लशची टाकी रिकामी करा, कॅसेट धुऊन वाळवा आणि झाकणाची पाती उघडी ठेवा. बंद ठेवली तर रबर दाबून बसतं आणि चिकटतं. रबराला उत्पादकाने सांगितलेलंच वंगण लावा, पेट्रोलियमचं नको, त्याने रबर फुगतं.

फिरस्ती

जोडनळी सोडवली, टोपीही लावली. आणि वसंतात? उलट क्रमाने सगळं बंद करून पाणी सोडायचं एवढंच ना?

चिकित्सक

जवळपास. ड्रेन बंद, नळ बंद, फक्त सिंकचा एक नळ हवा जायला उघडा. मेन कॉक पाव फेराच फिरवा आणि एकाने आत उभं राहून सांधे बघायचे, दुसऱ्याने कॉकवर हात ठेवायचा. हिवाळ्यात एखादी चीर पडलीच असेल तर ती याच वेळी कळते, आणि पूर्ण दाबाने कळण्यापेक्षा अशी कळलेली बरी.

पहिलं पाणी पिऊ नका. प्रत्येक नळ चांगला वाहू द्या. कोपऱ्यात राहिलेल्या, महिनोन्महिने साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतो. त्याला २० ते ४५ अंशांमधली ऊब मानवते, आणि तो पोटातून नव्हे तर तुषार श्वासात गेल्याने बाधतो. म्हणून शॉवरचं डोकं काढून, नळी मोरीत सोडून पाणी वाहू द्या आणि खिडकी उघडी ठेवा. गरम लाइनमध्ये पाणी ६० अंशांपर्यंत तापवून काही मिनिटं सोडा, हात भाजेल एवढं गरम असतं, मुलांना लांब ठेवा. टाकी असलेल्यांनी ती निर्जंतुक करून घ्यावी, औषधाचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं.

जुनाट_इंजिन

धागा वाचून खाली जाऊन बघितलं. आमच्याकडे ड्रेन कॉक एकच दिसतोय, आणि त्याची चावी जाम आहे. पाना लावून जोर करू का?

पाना_पक्कड

काका, जोर नको, प्लास्टिकचा असेल तर मानेतच तुटेल आणि आत दाब असेल तर आंघोळच होईल. आधी मेन कॉक बंद करा, नळ उघडून दाब काढा. मग कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर गुंडाळा, जरा वेळाने पुढे-मागे थोडं थोडं हलवून बघा. नाहीच हललं तर कॉकच बदला, तसंही तो पुढच्या वर्षी नडणारच. आणि दुसरा ड्रेन शोधा हो, असणार तो. गरम पाण्याचा पाइप फरशीखाली कुठे उतरतो ते बघत जा.